अमेरिकेतील गहाण घरांचे संकट : दोष कोणाचा?

सन २००८ च्या सप्टेंबर महिन्याच्या १५ तारखेस अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या पेढीने न्यायालयात जाऊन आपले दिवाळे निघाल्याचे जाहीर केले. १८५० पासून त्या नावाने चालत आलेली व कापसाच्या व्यापारातून वर आलेली ही पेढी. तिच्या वह्यांत सुमारे ६४ हजार कोटी डॉलरांची मालमत्ता मांडलेली होती. दुसऱ्याच दिवशी एआयजी या प्रचंड विमा कंपनीस वाचविण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेस साडेआठ हजार कोटी डॉलर पुढे करावे लागले. आणि तीन आठवडे लोटण्यापूर्वीच सरकारने ७० हजार कोटी डॉलरांच्या मदतीचा कायदा पसार केला. या अनर्थाच्या मुळाशी युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता की भूकंपही नव्हता. मुळाशी होती ती सामान्य कुटुंबांनी गहाण टाकलेली राहती घरे.

एवढा मोठा डोलारा कोसळला म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. कोणी म्हणाले, ऐपत नसताना घरे घेणाऱ्या गरिबांचा. कोणी म्हणाले, लोभी बँकवाल्यांचा. कोणी सरकारकडे बोट दाखविले. आणि पुष्कळांनी, सर्वच दोषी होते, असे म्हणून हात झटकले. हे शेवटचे उत्तर ऐकावयास मोठे समंजस वाटते, पण ज्याला सर्वांत अधिक जाब द्यावयाचा असतो त्यालाच ते सर्वांत सोयीचे पडते. या लेखात आपण हा प्रश्न जरा सावकाश तपासून पाहू. आमचा अभिप्राय प्रथमच सांगून टाकणे बरे : दोष अनेकांचा होता, परंतु तो सारखा नव्हता. ज्याला खरी स्थिती अधिक माहीत होती, व ज्याच्या हाती 'नाही' म्हणण्याची सत्ता होती, त्याचा दोष अधिक. आणि ज्याने घर गमावले त्याचा सर्वांत थोडा. वाचकांनी हा अभिप्राय मान्यच करावा असा आग्रह नाही. मात्र पुढील हकीकत वाचून मग काय ते ठरवावे.

गहाण म्हणजे काय हे आमच्या वाचकांस शिकविण्याची गरज नाही. आमच्याकडील जुन्या रीतीत सावकार कुळास ओळखत असे. जमीन किती, विहिरीस पाणी किती, घरात खाणारी तोंडे किती, मुलीचे लग्न कोणत्या साली करावयाचे, हे सर्व त्यास ठाऊक असे. गहाणखत त्याच्याच पेटीत असे. तो निर्दय असेल, व्याजावर व्याज चढवीत असेल, अंगठा घेताना कागदात काय लिहिले आहे ते वाचून दाखवीत नसेल. परंतु कर्ज बुडाले तर ते त्याचे स्वतःचे बुडे, म्हणून देतेवेळी तो दोनदा विचार करी.

या जुन्या रीतीचाही एकदा स्फोट झाला होता, व त्याच्या मुळाशी अमेरिकेचा एक धागा होता. तेथील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या सालांत, तिकडचा कापूस येईनासा झाल्यामुळे आमच्याकडील कापसाचा भाव चढला, आणि सावकारांनी दख्खनच्या शेतकऱ्यांस सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव उतरला. कर्ज मात्र उतरले नाही. अखेर १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यात, सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दारी गेला. त्याने मुख्यतः मागितले ते पैसे नव्हेत, तर कागद : गहाणखते, कर्जरोखे, हुकूमनामे. हाती लागले ते त्याने चव्हाट्यावर जाळले. सरकारने चौकशी बसविली, व १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या दंग्याचे समर्थन आम्ही येथे करीत नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, आपला कागद कोणत्या घरी, कोणत्या पेटीत आहे, हे सुप्याच्या शेतकऱ्यास ठाऊक होते.

सव्वाशे वर्षांनंतरच्या अमेरिकेतील ऋणकोस ते ठाऊक नव्हते. तो आपल्या नगरातील एका दलालाकडे जाई. दलाल त्याचा अर्ज कर्ज देणाऱ्या कंपनीस पाठवी. कंपनी पैसे देई. पण ते गहाणखत आपल्या पेटीत ठेवीत नसे, तर थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कमधील एखाद्या मोठ्या गुंतवणूक बँकेस विकून मोकळी होई. ती बँक अशी हजारो गहाणखते एकत्र बांधून, त्या गाठोड्याच्या आधारावर रोखे काढी. रोख्यांची पत ठरविणारी एक निराळी संस्था त्यांवर आपला शिक्का मारी, आणि तो शिक्का पाहून दूरदूरचे लोक ते विकत घेत : पेन्शन फंड, विमा कंपन्या, परदेशच्या बँका. जर्मनीतील ड्यूसलडॉर्फच्या आयकेबी नावाच्या बँकेस २००७ च्या जुलैअखेर वाचवावे लागले, ते अमेरिकेतील अशाच घरांच्या कर्जापायी. क्लीव्हलँडमधील एखाद्या विधवेच्या घराचा हप्ता चुकला तर तो ड्यूसलडॉर्फमध्ये जाणवावा, अशी ही रचना होती.

या साखळीतील प्रत्येक कडीस आपली दलाली कर्ज देण्याच्या किंवा विकण्याच्या क्षणीच मिळत असे. पुढे कर्ज फिटते की बुडते हे पाहावयास तो तेथे उभा नसे. आमच्या मते सर्व अनर्थाचे बीज येथे आहे. कर्ज देणारा एक व तोटा सोसणारा दुसरा अशी फारकत झाल्यावर, ऋणकोची ऐपत पाहण्याचे कारण कोणासच उरले नाही. उलट कर्ज जितके मोठे व जितके महाग, तितकी दलाली अधिक.

आता कर्जाचे स्वरूप पाहू. ज्यांची पत कमी त्यांस दिलेल्या या कर्जांना इंग्रजीत 'सबप्राइम' म्हणत. त्यांचा एक अतिशय प्रचलित नमुना असा होता की, तीस वर्षांच्या मुदतीपैकी पहिली दोन वर्षे व्याजदर ठरलेला व हलका, आणि उरलेली अठ्ठावीस वर्षे तो बाजारभावाप्रमाणे बदलता. उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहा. एखाद्याने दोन लाख डॉलर घेतले, व पहिली दोन वर्षे व्याज शेकडा ७ असले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,३३० डॉलर पडतो. तिसऱ्या वर्षी व्याज शेकडा १० झाले, तर तोच हप्ता सुमारे १,७४० डॉलर होतो. पगार तोच, घर तेच, आणि दरमहा चारशे डॉलरांची वाढ! ही वाढ त्या कुटुंबास झेपणार नाही हे दलालास ठाऊक नव्हते काय? होते. परंतु तो म्हणे, घराची किंमत दोन वर्षांत वाढेलच. मग नवे कर्ज काढून जुने फेडा. किमती वाढत होत्या तोवर ही युक्ती चालली, व प्रत्येक नव्या कर्जाच्या वेळी दलालास नवी दलाली मिळाली. २००६ साली किमती शिखरास पोहोचल्या व उतरू लागल्या. मग नवे कर्ज मिळेना, जुना हप्ता भरवेना, आणि घर विकले तरी कर्ज फिटेना.

अभ्यासवर्गात हा लेख वाचून दाखविणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे, व ऐकणाऱ्यांस विचारावे : ज्या माणसाने या कागदावर सही केली त्याचा दोष किती? उत्तरे निरनिराळी येतील, आणि यावीत.

ऋणको निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. काही कर्जांत तर अर्जदाराने आपले उत्पन्न केवळ तोंडाने सांगावे व कंपनीने त्याचा पुरावा मागू नये अशी सोय होती. त्या धंद्यातील लोकच त्यांना 'लबाडांची कर्जे' म्हणत. पुष्कळांनी उत्पन्न फुगवून सांगितले. फ्लॉरिडा, नेव्हाडा, ॲरिझोना व कॅलिफोर्निया या संस्थानांत तर कित्येकांनी राहण्यासाठी नव्हे, तर चढ्या भावाने पुन्हा विकण्यासाठी एकामागून एक घरे घेतली. हा निव्वळ सट्टा होता. काहींनी आपल्या घराची किंमत वाढली म्हणून त्यावर आणखी कर्ज काढून ते खर्चून टाकले. २००१ साली अमेरिकेतील कुटुंबांच्या डोक्यावर घरांच्या गहाणाचे कर्ज ५.३ लाख कोटी डॉलर होते. २००७ साली ते १०.५ लाख कोटी झाले. सहा वर्षांत दुप्पट! एवढे कर्ज काही झोपेत होत नाही.

परंतु या माणसाच्या समोर मेजाच्या पलीकडे बसलेला कोण होता, तेही पाहिले पाहिजे. दलाल आपला हितचिंतक आहे असे ऋणकोस वाटे. वस्तुतः ऋणको ज्या व्याजास पात्र असे त्याहून अधिक व्याजाचे कर्ज त्याच्या गळ्यात मारले, तर दलालास कंपनीकडून वरकड रक्कम मिळे. कंट्रीवाइड ही त्या काळची घरकर्जे देणारी एक सर्वांत मोठी कंपनी. २००४ ते २००८ या सालांत तिने कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या दोन लाखांहून अधिक ऋणकोंकडून, त्यांच्यासारखीच पत असलेल्या गोऱ्या ऋणकोंपेक्षा जास्त व्याज व शुल्क घेतले, आणि त्यांपैकी दहा हजारांहून अधिक लोक साध्या स्वस्त कर्जास पात्र असताना त्यांस महाग कर्ज दिले, असा सरकारचा आरोप होता. डिसेंबर २०११ मध्ये हे प्रकरण साडेतेहतीस कोटी डॉलर देऊन मिटविण्यात आले. तेव्हा 'गरिबांनी ऐपतीबाहेर कर्जे घेतली' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, काहींची ऐपत चांगली होती; कर्ज वाईट होते.

आता शिक्का मारणाऱ्यांकडे वळू. गरिबांच्या बुडत्या कर्जांतून अत्युत्तम पतीचे रोखे निर्माण कसे झाले, हा प्रश्न कोणालाही पडेल. ते समजण्यास पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त घ्यावा. पाटाला जे पाणी येईल ते प्रथम वरच्या शेतास मिळते, ते भिजल्यावर मधल्यास, आणि उरले तर टोकाच्या शेतास. हजारो कुटुंबांचे हप्ते हे जणू पाटाचे पाणी. वरच्या थराच्या रोख्यांस ते आधी मिळावयाचे, म्हणून त्यांवर तीन 'ए' म्हणजे सर्वोत्तम पतीचा शिक्का. येथवर ठीक. परंतु टोकाच्या शेताचे रोखे कोणी घेईना. तेव्हा बँकांनी अशा निरनिराळ्या गाठोड्यांतील खालच्या थरांचे रोखे पुन्हा एकत्र बांधले, त्यांचे पुन्हा थर केले, आणि पतमापन संस्थांनी त्यांतील बहुतेकांवर पुन्हा सर्वोत्तमाचा शिक्का मारला! समजूत अशी की, निरनिराळ्या पाटांची टोके एकाच वर्षी कोरडी पडणार नाहीत. पण पाऊसच पडला नाही तर सर्व पाट एकदमच आटतात, हे आमच्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते.

या संस्थांची फी कोण देई? रोखे काढणारी बँकच. एका संस्थेने शिक्का नाकारला तर बँक दुसरीकडे जाई. मूडीज या एकट्या संस्थेने २००० ते २००७ पर्यंत गहाणांवर आधारलेल्या सुमारे ४५ हजार रोख्यांवर सर्वोत्तम पतीचा शिक्का मारला. २००६ साली तर कामाच्या प्रत्येक दिवशी तीस. त्या एका वर्षात ज्यांस हा शिक्का मिळाला त्यांपैकी शेकडा ८३ रोख्यांची पत पुढे उतरवावी लागली. याउलट २०१० च्या आरंभी साऱ्या अमेरिकेत तोच शिक्का असलेल्या खाजगी कंपन्या अवघ्या सहा होत्या. असला शिक्का हजारोंनी वाटला जात असता त्याविषयी शंका न यावी, हे मोठ्या नवलाचे आहे.

शंका आली त्यांनी काय केले? काहींनी तर बुडण्यावरच पैज लावली. गोल्डमन सॅक्स या बँकेने २००७ साली गिऱ्हाइकांस असे एक गाठोडे विकले की, त्यातील रोखे निवडण्यात, ते बुडतील अशी पैज लावणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा हात होता. आणि ही गोष्ट घेणाऱ्यांस सांगितली नव्हती. सरकारने दावा केल्यावर २०१० च्या जुलैत बँकेने ५५ कोटी डॉलर भरले. बुडाल्यास भरपाई देऊ असा एक प्रकारचा विमा एआयजी कंपनी विकत असे. पण भरपाईसाठी तिने पैसा बाजूस काढून ठेवलाच नव्हता. असल्या करारांवर देखरेख असावी असे ब्रुक्सली बॉर्न या सरकारी अधिकारी बाईंनी १९९८ सालीच सुचविले होते. त्यांस गप्प बसविण्यात आले, व २००० च्या डिसेंबरात कायदाच असा केला की त्यांवर देखरेख असू नये.

येथे आपण सरकारच्या दाराशी येतो. फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक. तिने २००० अखेर शेकडा साडेसहा असलेला आपला व्याजदर २००३ च्या जूनपर्यंत शेकडा एकवर आणला, आणि पैसा स्वस्त झाला. हा दोष लहान नाही. तथापि त्याहून मोठा दोष दुसरा आहे. १९९४ च्या एका कायद्याने घरांवरील अन्यायी कर्जे सर्व देशात बंद करण्याचा अधिकार या बँकेस दिलेला होता. तिच्याच नियामक मंडळातील एडवर्ड ग्रॅमलिक या सभासदाने २००० च्या सुमारास, कर्ज देणाऱ्या कंपन्यांची तपासणी करावी असे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांस सुचविले. ते झाले नाही. व्यापक नियम अखेर आले ते २००८ च्या जुलैत. म्हणजे घर जळून गेल्यावर विहीर खणावयास घेतली. ग्रॅमलिक तोवर मरण पावले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे ग्रीनस्पॅन यांनी कबूल केले की, बँका आपल्या हितासाठी तरी आपले भांडवल सांभाळतील हा आपला भरवसा चुकला. प्रांजळपणाबद्दल त्यांची वाखाणणी करावी. पण ज्यांची घरे गेली त्यांस त्या प्रांजळपणाचा काय उपयोग?

काही संस्थानांनी स्वतः होऊन कायदे केले होते. नॉर्थ कॅरोलायनाने १९९९ साली केला, जॉर्जियाने २००२ साली. जॉर्जियाचा कायदा कडक होता : अन्यायी कर्जाबद्दल ते गहाणखत विकत घेणारासही जबाबदार धरावे असे त्यात होते. म्हणजे साखळीची तुटलेली कडी त्याने पुन्हा जोडली होती. मग काय झाले? एका पतमापन संस्थेने कळविले की, त्या संस्थानातील कर्जांच्या रोख्यांस आम्ही शिक्का देणार नाही. कर्जाचा धंदा थांबण्याची भीती पडली, आणि दोन-तीन महिन्यांत विधिमंडळाने तो कायदा पातळ केला. पुढे २००४ साली, राष्ट्रीय बँकांस संस्थानांचे असले कायदे लागू नाहीत, असा नियम केंद्राच्या एका खात्याने काढला. आमच्या मते साऱ्या हकीकतीतील हा प्रसंग सर्वांत बोलका आहे. उपाय कोणास सुचला नव्हता असे नव्हे. सुचला, केला, आणि मोडून काढण्यात आला.

आता एक आक्षेप राहिला, व तो अमेरिकेत अजून हिरिरीने मांडला जातो. तो असा की, गरिबांस घरे मिळावीत म्हणून सरकारनेच बँकांवर जुलूम केला, सबब खरा दोष त्या दयाळू धोरणाचा. १९७७ च्या एका कायद्याप्रमाणे बँकांनी आपल्या भोवतालच्या गरीब वस्त्यांतही कर्जे द्यावीत अशी अपेक्षा होती, हे खरे. परंतु चौकशीत असे आढळले की, महाग व्याजाच्या कर्जांपैकी शेकडा सुमारे सहाच कर्जांचा त्या कायद्याशी काही संबंध होता. बाकीची बहुतेक, तो कायदा ज्यांस लागूच नव्हता अशा कंपन्यांनी किंवा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर दिलेली होती. फॅनी मे व फ्रेडी मॅक या सरकारच्या आश्रयाखालील दोन कंपन्यांची गोष्ट इतकी सोपी नाही. त्यांनी नंतर नंतर आपली कसोटी ढिली केली, असले रोखेही विकत घेतले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये त्या सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या. त्यांचा दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. तरी त्या या खेळात खाजगी बँकांच्या मागून आल्या, पुढे नव्हत्या. व त्यांच्याकडील कर्जे त्या बँकांच्या कर्जांइतकी बुडाली नाहीत.

काँग्रेसने २००९ साली दहा सभासदांचे चौकशी मंडळ नेमले. सातशेहून अधिक साक्षीदारांस विचारून त्याने २०११ च्या जानेवारीत अहवाल दिला, आणि त्यातही एकमत झाले नाही! सहा जणांनी सही केली : संकट टाळता येण्यासारखे होते, देखरेख करणारे निजले व बँकवाले बेफाम झाले, असा त्यांचा निर्णय. तिघांनी निराळे लिहिले की, पैसा जगभर स्वस्त झाला होता, आणि स्पेन व आयर्लंड येथेही घरांच्या किमती तशाच फुगून फुटल्या, तेव्हा केवळ अमेरिकेच्या कायद्यांकडे पाहून चालणार नाही. एकट्या एका सभासदाने सर्व खापर सरकारच्या गृहधोरणावर फोडले. सही करणारे सहाही जण एका पक्षाने नेमलेले, व न करणारे चौघे दुसऱ्या पक्षाने. दोष ठरविण्याचे काम पक्षांच्या हाती गेले म्हणजे असे होते. तिघांच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे, असे आम्हांस वाटते. पण स्वस्त पैसा आपण होऊन खोटा शिक्का मारीत नाही, की विधवेपुढे कागद सरकवीत नाही. ते हात माणसांचेच होते.

शिक्षा कोणास झाली? वॉल स्ट्रीटच्या मोठ्या बँकांच्या प्रमुखांपैकी एकही तुरुंगात गेला नाही. दंड मात्र भरमसाट झाले : जे. पी. मॉर्गनने २०१३ साली १,३०० कोटी डॉलर, बँक ऑफ अमेरिकेने २०१४ साली १,६६५ कोटी डॉलर कबूल केले. स्टँडर्ड अँड पूअर्स या पतमापन संस्थेने २०१५ साली सुमारे १३७ कोटी, व मूडीजने २०१७ साली सुमारे ८६ कोटी. हे पैसे त्या संस्थांच्या तिजोरीतून, म्हणजे भागीदारांच्या खिशातून गेले. ज्यांनी त्या वर्षांत आपले बक्षीस घरी नेले होते त्यांनी ते बहुतेक तसेच ठेवले. एआयजीच्या ज्या शाखेने कंपनी बुडविली त्याच शाखेच्या नोकरांस, सरकारी पैशाने कंपनी जगविल्यानंतर, मार्च २००९ मध्ये साडेसोळा कोटी डॉलर बक्षीस वाटले गेले, तेव्हा सारा देश खवळून उठला होता.

शिक्षा खरी भोगली ती दुसऱ्यांनी. चौकशी मंडळाचा अहवाल निघेपर्यंत सुमारे ४० लाख कुटुंबांची घरे जप्तीत गेली होती, आणि आणखी ४५ लाख त्या वाटेवर होती. ८७ लाख लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये शेकडा दहा कामकरी बेकार होते. यांतील पुष्कळांनी कधी घरकर्ज घेतलेही नव्हते. त्याची झळ समुद्र ओलांडून इकडेही आली : मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर होता, तो ऑक्टोबरात दहा हजारांच्या खाली गेला, आणि पवई येथे लेहमनच्या कचेरीत काम करणारी तरुण मंडळी एका रात्रीत अधांतरी लोंबकळली, पुढे एका जपानी कंपनीने ती कचेरी घेतली.

क्लीव्हलँड नगरातील एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती सुप्याच्या गोष्टीची उलट बाजू आहे. त्या नगराच्या काही वस्त्यांत जप्त्या इतक्या झाल्या की ओळीच्या ओळी घरे ओस पडली, व चोरांनी तांब्याचे नळसुद्धा उपटून नेले. २००७ च्या ऑक्टोबरात तेथील एका न्यायाधीशाने जप्तीचे चौदा दावे एकदम काढून टाकले. कारण घरे जप्त करावयास आलेल्या बँकेस, दावा लावण्याच्या दिवशी ती गहाणखते आपल्या मालकीची होती हे दाखविता आले नाही. इतक्या हातांतून ते कागद गेले होते की, धनकोसच आपला धनकोपणा सिद्ध करता येईना! २०१० साली तर असे उघडकीस आले की, मोठमोठ्या बँकांचे नोकर जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर ती न वाचताच दिवसाला शेकडो सह्या करीत होते. त्याबद्दल पाच बँकांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये एकूणपन्नास संस्थानांशी व केंद्र सरकारशी २,५०० कोटी डॉलरांची तडजोड केली. न वाचता सही केली म्हणून ऋणकोस दोष देणारे हेच ते धनको.

२०१० च्या जुलैत काँग्रेसने सुधारणेचा मोठा कायदा केला. ऋणकोची फेडण्याची ऐपत पाहिल्यावाचून घरकर्ज देऊ नये असे त्यात आहे. आणि ज्या बीजाविषयी वर लिहिले, त्यावरही एक कलम आहे : गहाणखतांचे गाठोडे बांधून रोखे विकणाराने त्यांतील जोखमीचा निदान शेकडा पाच भाग स्वतःपाशी ठेवावा, म्हणजे बुडाले तर त्याचेही काही बुडेल. नियम लिहिण्याचे काम खात्यांकडे गेले. २०११ च्या मसुद्यात असे होते की, घर घेणाराने शेकडा वीस रक्कम पदरची घातली असेल तरच त्या कर्जास या अटीतून सूट मिळावी. त्यावर बँकवाल्यांनी, घरे बांधणाऱ्यांनी, आणि गरिबांस मग घर कधीच मिळणार नाही या चिंतेने ग्राहकांच्या कैवाऱ्यांनीही हरकत घेतली. अखेरचा नियम ऑक्टोबर २०१४ मध्ये निघाला, तेव्हा वीस टक्क्यांची अट गळाली होती. ऐपत पाहून दिलेल्या साध्या नमुन्याच्या कर्जांस पूर्ण सूट होती, आणि नवी घरकर्जे बहुतेक त्याच नमुन्याची असतात.